चुंबकाच्या आज्ञेत वागणारा द्रव

पदार्थ तीन प्रकारचे असतात, घन, द्रव आणि वायू, हे आपण प्राथमिक शाळेतच पाठ केलेले असते. दगड घन, पाणी द्रव, वाफ वायुरूप. परीक्षेपुरते हे वर्गीकरण पुरेसे आहे. परंतु स्वयंपाकघरात पाऊल टाकताच ते अपुरे पडू लागते. तिंबून ठेवलेले पीठ घन म्हणावे की द्रव? दात घासण्याची पेस्ट नळी दाबली म्हणजे वाहते आणि ब्रशावर मात्र न सांडता उभी राहते. तिला कोणत्या रांगेत बसवावे? सकाळची पेज गरम असताना वाटीत ओतता येते. तीच निवली म्हणजे पळीने काढावी लागते. याचा अर्थ असा की, वाहणे हा पदार्थाचा अढळ गुण नसून तो पुष्कळ अंशी परिस्थितीवर अवलंबून असतो. परिस्थिती पालटली की वाहण्याची रीतही पालटते.

अशाच एका विलक्षण पदार्थाचा परिचय या लेखात करून द्यावयाचा आहे. इंग्रजीत त्यास 'मॅग्नेटोऱ्हिऑलॉजिकल फ्लुइड' असे लांबलचक नाव आहे. आपण त्यास 'चुंबक-प्रवाही द्रव' म्हणू. हा द्रव एरवी तेलासारखा वाहतो. चुंबकाच्या प्रभावाखाली आला की क्षणार्धात लोण्याहून घट्ट होतो. आणि चुंबक दूर केला की पुन्हा वाहू लागतो.

हा विषय मला कसा भेटला

मी कलाशाखेची पदवीधर. मराठी आणि इतिहास शिकवणे हे माझे काम. विज्ञानाच्या प्रांतात मी आपण होऊन शिरले नाही. मागे एकदा विज्ञानाचे शिक्षक रजेवर असताना शालेय प्रदर्शनाची तयारी माझ्याकडे सोपवण्यात आली. नववीतल्या एका मुलाने कोठेतरी या द्रवाविषयी वाचले होते. त्याने विचारले, ''बाई, चुंबक लावला की पातळ तेल घट्ट होते म्हणे. ते खरे का?'' मला उत्तर ठाऊक नव्हते. ''ठाऊक नाही'' असे म्हणण्याऐवजी मी म्हटले, ''असले चमत्कार आपल्या पुस्तकात नाहीत.'' अज्ञान झाकण्याची ही शिक्षकांची जुनी युक्ती आहे.

मुलगा स्वस्थ बसला नाही. ग्रिल तयार करणाऱ्या एका कारखान्यातून त्याने लोखंडाचा कीस मिळवला, तो खोबरेलात कालवला, आणि जुन्या लाउडस्पीकरमधला चुंबक घेऊन डिसेंबरातल्या एका सकाळी, शाळा भरण्यापूर्वीच, बाटली घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. बाटलीला चुंबक टेकवून त्याने ती आडवी केली. आतले मिश्रण जागचे हलले नाही! मी आनंदाने त्याची पाठ थोपटली आणि साऱ्या वर्गाला तो प्रयोग दाखवण्यास सांगितले.

वर्गात मागच्या बाकावरून एक मुलगी कोंकणीतच म्हणाली, ''बाई, चुंबक काडून पळोवया?'' चुंबक काढून पाहिला. बाटली उलटी केली. मिश्रण तरीही हलेना! डिसेंबरातल्या थंडीने खोबरेलच थिजले होते. चुंबकाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. वर्गात हशा पिकला आणि त्या मुलाची मान खाली गेली. वास्तविक मान खाली घालावयास हवी होती ती मी. कारण पारख न करता शाबासकी देणारी मीच होते. दुपारी ऊन तापल्यावर तीच बाटली पाहिली, तर तेल पातळ झालेले आणि सगळा कीस तळाशी बसलेला. चुंबक लावला तेव्हा कीस त्याच्याकडे धावला, आणि तेल मात्र त्याला वळसा घालून खुशाल वाहू लागले.

त्या संध्याकाळपासून मी या विषयाच्या मागे लागले. पुढे जे लिहिले आहे, ते त्या फसलेल्या बाटलीचे उत्तर होय.

शोधाची हकीकत

या द्रवाचा जनक जेकब रॅबिनो. रशियन साम्राज्यातील खारकोव्ह शहरी, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, १९१० साली त्याचा जन्म झाला. बालपणीच तो कुटुंबासह अमेरिकेत गेला आणि पुढे वॉशिंग्टन येथील 'नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌स' या सरकारी संस्थेत अभियंता झाला. तेथे १९४७-४८ च्या सुमारास त्याने लोखंडाची अतिसूक्ष्म पूड तेलात मिसळून, चुंबकाने पकडणारा व सोडणारा क्लच तयार केला. त्याचे एकस्व त्यास १९५१ साली मिळाले. त्याच्या मिश्रणात वजनाने ९ भाग लोखंड आणि १ भाग तेल असे. त्यासाठी सिलिकोन तेल, खनिज तेल, इतकेच काय, साधे केरोसीनही चालत असे. ९ भाग लोखंड म्हणजे पुष्कळच झाले असे वाटेल. पण लोखंड पाण्याच्या सुमारे ७.८ पट जड असल्यामुळे, आकारमानाने पाहता पूड आणि तेल जवळजवळ सारखेच भरतात. गणिताच्या वहीत हे करून पाहावे.

शोध लागला, परंतु पुढील सुमारे चार दशके त्याचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. पूड तळाशी बसे, काही काळाने द्रव घट्ट होई, आणि चुंबकाचे बल क्षणोक्षणी कमीजास्त करणारी विद्युतसाधनेही तेव्हा स्वस्त नव्हती. १९९० नंतर या अडचणी बऱ्याच अंशी दूर झाल्या आणि रॅबिनोची कल्पना पुन्हा जागी झाली.

द्रव घट्ट कसा होतो?

चुंबकाच्या क्षेत्रात लोखंडाचा कण आला म्हणजे तो स्वतःच एक इवलासा चुंबक बनतो. त्याचे एक टोक उत्तर ध्रुव, दुसरे दक्षिण ध्रुव. एका कणाचा उत्तर ध्रुव पुढच्या कणाच्या दक्षिण ध्रुवाला ओढतो, आणि अशा रीतीने कणांमागून कण जोडले जाऊन चुंबकीय रेषांच्या दिशेने साखळ्या तयार होतात. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अशा असंख्य साखळ्या उभ्या राहिल्या की मधल्या तेलाची वाट अडते. या सर्व क्रियेस सेकंदाचे काही हजारांश एवढाच वेळ लागतो.

आता द्रवाला वाहावयाचे असेल, तर प्रथम या साखळ्या तोडाव्या लागतात. ज्या जोराखाली त्या तुटतात, त्या जोरास आपण 'उंबरठ्याचा ताण' म्हणू. त्याहून कमी जोर लावला तर पदार्थ घनासारखा उभा राहतो; अधिक लावला तर द्रवासारखा वाहतो. अशा पदार्थांचा नियम अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ युजीन बिंगहॅम याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडला: एकूण विरोध म्हणजे उंबरठ्याचा ताण अधिक वाहण्याच्या वेगाबरोबर वाढणारा चिकटपणाचा विरोध. पेस्टची नळी दाबताना तुम्ही रोज सकाळी हाच नियम अनुभवता. 'ऱ्हिऑलॉजी' हे या शास्त्राचे नावही बिंगहॅमच्याच काळातले. 'वाहणे' या अर्थाच्या ग्रीक धातूपासून ते बनले आहे.

चांगल्या चुंबक-प्रवाही द्रवाचा उंबरठ्याचा ताण ५० ते १०० किलोपास्कल इतका असतो. सोप्या भाषेत सांगावयाचे तर, एका चौरस सेंटिमीटरला सुमारे अर्धा ते एक किलोग्रॅम वजनाइतका जोर लावल्याशिवाय तो जागचा हलत नाही. मग हा ताण आणि हे वाहणे कोणकोणत्या कारणांनी कमीजास्त होते, ते आता क्रमाने पाहू.

पहिले कारण: चुंबकाचे बल व दिशा

चुंबकाचे बल वाढवले की साखळ्या बळकट होतात, हे उघड आहे. परंतु किती? क्षेत्र दुबळे असताना ते दुप्पट केले तर उंबरठ्याचा ताण दुप्पट न होता चौपट होतो. कारण साखळीतील दोन्ही शेजारी दुप्पट बलवान होतात, आणि त्यांच्यातील ओढ दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असते. पुढे क्षेत्र अधिक बलवान झाले की ही वाढ मंदावते; आणि अखेरीस एक मर्यादा अशी येते की, चुंबक कितीही वाढवला तरी ताण वाढत नाही. लोखंड त्या वेळी 'संपृक्त' झालेले असते. पाण्यात साखर विरघळवताना एका मर्यादेनंतर साखर तळाशी राहते, तसाच काहीसा हा प्रकार.

दिशाही तितकीच महत्त्वाची. साखळ्या प्रवाहाच्या आड उभ्या असतील तर वाट अडते; प्रवाहाच्याच दिशेने आडव्या झाल्या तर अडथळा पुष्कळ कमी होतो. ओढ्यात कुंपण आडवे घातले तर पालापाचोळा अडतो, काठाने लांब घातले तर अडत नाही.

दुसरे कारण: कणांचे प्रमाण

मूठभर तांदळाची पेज आणि चार मुठींची पेज यांतील भेद सांगावयास नको. चुंबक-प्रवाही द्रवात सामान्यतः आकारमानाने शेकडा २० ते ४० इतके लोखंडाचे कण असतात. शेकडा ३० धरले, तर एक लिटर द्रवाचे वजन सुमारे ३ किलोग्रॅम भरते. कण वाढवले म्हणजे साखळ्या दाट होतात व ताण वाढतो. पण त्याची किंमतही मोजावी लागते. चुंबक नसताना जो द्रव पातळ असावा, तोही मग घट्ट होऊ लागतो. ज्या कुलपाला उघडताच येत नाही ते कुलूप काय कामाचे? 'घट्ट' आणि 'पातळ' या दोन अवस्थांत जितके अंतर, तितका द्रव उपयोगी.

तिसरे कारण: कणांचा आकार आणि जात

कारखान्यात वापरतात ती पूड 'कार्बोनिल लोह' या नावाची असते. तिचे कण गोल असून त्यांचा व्यास १ ते १० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा ते शंभरावा भाग, इतका असतो. आमच्या बाटलीतला कीस याहून कितीतरी भरड होता, आणि तो तळाशी का बसला याचे उत्तर येथेच आहे. जॉर्ज स्टोक्स या गणितज्ञाने १८५१ साली दाखवून दिले की, द्रवातून खाली बसणाऱ्या लहान कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. आमचा कण मिलिमीटरचा दहावा भाग मानला आणि कारखान्यातला ५ मायक्रोमीटरचा मानला, तर आमचा २० पट मोठा झाला. म्हणजे तो ४०० पट वेगाने तळ गाठणार! पेज ठेवून दिली की शिते खाली बसतात आणि वर निवळ राहते, तोच हा नियम.

मग कण अतिशय लहान केले तर? तेथेही मर्यादा आहे. एक मायक्रोमीटरचा शंभरावा भाग इतके कण झाले, की द्रवाच्या रेणूंच्या सततच्या धक्क्यांनी ते विखुरलेले राहतात. बसत नाहीत, पण घट्ट साखळ्याही बांधत नाहीत. अशा द्रवास 'फेरोफ्लुइड' म्हणतात. अमेरिकेच्या नासा संस्थेतील स्टीव्ह पॅपेल याने १९६३ साली तो तयार केला. वजनरहित अवकाशात रॉकेटचे इंधन चुंबकाने ओढून आणावे, हा त्याचा हेतू होता. चुंबकाजवळ फेरोफ्लुइडवर सुंदर काटे उभे राहतात, पण तो द्रवच राहतो. चुंबक-प्रवाही द्रव आणि फेरोफ्लुइड ही भावंडे खरी, पण स्वभाव निराळे.

कणाची जातही पाहावी लागते. टणक पोलाद चालत नाही. कारण चुंबक दूर केला तरी त्याच्यात चुंबकत्व शिल्लक राहते व साखळ्या सुटत नाहीत. शुद्ध, मऊ लोखंड ते लगेच सोडून देते. आमच्या काही विद्यार्थ्यांनी गोव्याच्या खाणपट्ट्यातली तांबडी माती आणून पाहिली. तिला चुंबक फारसा ओढत नाही, हे पाहून ती निराश झाली. तिच्यात लोह नाही असे नव्हे. परंतु आपल्याकडील लोहखनिज प्रामुख्याने हेमॅटाइट या जातीचे असून त्यास साधा चुंबक क्वचितच हलवू शकतो. मॅग्नेटाइट नावाचे काळे खनिज मात्र चुंबकाला सहज चिकटते. नाव लोहाचे असले तरी गुण घडणीवर ठरतो.

चौथे कारण: तेल आणि उष्णतामान

कण ज्यात तरंगतात ते तेल खनिज असेल, सिलिकोनचे असेल, क्वचित पाणीही असेल. तेल फार पातळ असेल तर कण लवकर बसतात; फार दाट असेल तर चुंबक नसतानाही द्रव वाहण्यास कुरकुरतो. तापवले की तेल पातळ होते आणि निवले की दाट, हे आपण जाणतोच. लोखंडाचे चुंबकत्व मात्र नित्याच्या उष्णतामानात फारसे बदलत नाही. ते नाहीसे होण्यास ७७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. म्हणून चांगल्या द्रवात उष्णतामानाचा परिणाम मुख्यतः तेलावर होतो, साखळ्यांवर थोडाच. खोबरेल सुमारे २४ अंशांच्या खाली थिजते. आमच्या बाटलीत थंडीने केलेले काम आम्ही चुंबकाच्या नावावर लिहिले, ते यामुळे.

पाचवे कारण: वेग, साहाय्यक द्रव्ये आणि वय

द्रव फार जोराने ढवळला किंवा घसरवला, तर साखळ्या जुळतात त्याहून वेगाने तुटतात, आणि चिकटपणाचाच वाटा मोठा होत जातो. कण एकमेकांना कायमचे चिकटू नयेत म्हणून ओलेइक आम्लासारखी द्रव्ये, आणि ते तळाशी बसू नयेत म्हणून वंगणासारखी दाट द्रव्ये किंवा सिलिकाची अतिसूक्ष्म पूड अल्प प्रमाणात घालतात. शिवाय वयाचाही परिणाम आहे. दीर्घकाळ घासले जाऊन कणांवरचे ठिसूळ कवच झडते, त्याचा चुरा तेलात मिसळतो, आणि एके काळचा पातळ द्रव हळूहळू लापशीसारखा होतो. हा दोष कसा टाळावा, यावर संशोधकांना पुष्कळ परिश्रम करावे लागले आहेत.

याचा उपयोग काय?

२००२ साली अमेरिकेतील एका कॅडिलॅक मोटारीत या द्रवाचे धक्काशोषक प्रथम बसवले गेले. रस्ता जसा बदलेल तसे ते मऊ वा कडक होतात. त्याच वर्षी चीनच्या हुनान प्रांतात दोंगतिंग सरोवरावरील पुलाचे तिरपे दोर वारा-पावसात थरथरू नयेत म्हणून अशाच साधनांची योजना झाली. दुर्बिणीची भिंगे नितळ करण्यासाठीही हा द्रव वापरतात.

परंतु मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कृत्रिम गुडघा. ज्याचा पाय मांडीतून गेला आहे, त्याच्या कृत्रिम गुडघ्याला दोन परस्परविरुद्ध कामे करावी लागतात: शरीराचा भार पडताच ताठ राहावयाचे, आणि पाऊल उचलताच सैल व्हावयाचे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्‌स तंत्रशास्त्र संस्थेत ह्यू हर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असा गुडघा विकसित केला. पोलादी पात्यांच्या मधोमध या द्रवाचे पातळ थर असतात. पावलाचा भार मोजणारे यंत्र क्षणोक्षणी चुंबकाचे बल ठरवते. हर यास स्वतःला १९८२ साली गिर्यारोहणात हिमदंश होऊन दोन्ही पाय गुडघ्याखाली गमवावे लागले होते. असा गुडघा लावून जिना उतरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने, वर सांगितलेले एकेक कारण म्हणजे पुस्तकातला मुद्दा नव्हे. कण तळाशी बसले, किंवा थंडीने तेल थिजले, तर पडणार आहे तो तो माणूस.

आणि आमची बाटली?

आम्ही प्रयोग पुन्हा केला. कीस मलमलीतून चाळून बारीक तेवढा घेतला, आणि खोबरेलाऐवजी एरंडेल वापरले. ते बरेच दाट असते आणि आपल्याकडच्या थंडीत थिजत नाही. तिरप्या काचेवर मिश्रण ओतले की ते संथपणे ओघळे. काचेखाली चुंबक धरला की थांबे. चुंबक काढला की पुन्हा ओघळू लागे. मग मुलांनी एक नियम केला: एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची. कधी कीस वाढवला, कधी चुंबक दूर नेला, कधी तेल कोमट केले. बाकी सर्व जैसे थे. आणि प्रत्येक वेळी एक काच चुंबकाशिवाय ठेवली. ही शेवटची अट मागच्या बाकावरच्या त्या मुलीने घातली होती.

प्रदर्शनात त्या मुलाने दोन्ही प्रयोग मांडले. खोबरेलाची बाटलीही त्याने टाकून दिली नाही. तिच्यापुढे त्याने स्वच्छ अक्षरात चिठ्ठी लावली होती: 'हा प्रयोग फसला. कारणे येणेप्रमाणे.' खाली पाच ओळी होत्या. पाहुण्यांनी सर्वांत अधिक वेळ त्याच टेबलापाशी घालवला.

विद्यार्थिमित्रांनो, या लेखातील आकडे तुम्ही विसरलात तरी चालेल. ते पुन्हा पाहता येतात. पण एखादी गोष्ट घडली आणि तिचे कारण मनासारखे सापडले, की आनंदात शाबासकी देण्या-घेण्यापूर्वी क्षणभर थांबा. चुंबक काढून पाहा. तरीही तेच घडत असेल, तर कारण दुसरे आहे. आणि तुमच्या बाईंना अथवा सरांना एखाद्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर त्यांनी ते मोकळेपणाने सांगावे, अशी अपेक्षा ठेवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. निदान माझ्या वर्गात तो तुम्हाला तेव्हापासून मिळालेला आहे.